जागच्या जागी

आमच्या आईचे एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आमच्या जुन्या घरात उतरंड होती. कुठल्या मडक्यात हुलगे, कुठल्यात बाजरीचे बियाणे, कुठल्यात वाळवलेली बोरे हे सारे आईच्या हाताला पाठ होते. घरात तेव्हा वीज नव्हती आणि कंदील एकच होता. तरी अंधारात हात घालून ती नेमकी वस्तू बाहेर काढी. एकदा मी कधी नव्हे ते तिला मदत केली आणि खसखशीची पुरचुंडी भलत्याच मडक्यात टाकली. पुढे चार महिने ती खसखस कुणाला सापडली नाही. दिवाळीत अनारसे थापायची वेळ आली तेव्हा आई मला म्हणाली, "घरात हाय म्हनून काय उपेग, बाळा? जागंवर पायजे."

या वाक्याचा खरा अर्थ मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, गेल्या दिवाळीच्या तोंडावर कळला, आणि तोही एका यंत्राकडून. कोजागिरी नुकतीच झाली होती. रात्री साडेअकराला मी संगणकासमोर बसलो होतो. संगणक मला सांगत होता की, 'ओवी' नावाची फाईल सापडत नाही. ती फाईल तर माझ्या डोळ्यांसमोर, त्याच पडद्यावर, डाव्या कोपऱ्यात बसलेली मला दिसत होती! मी त्याला पुन्हा आज्ञा केली. तो पुन्हा म्हणाला, सापडत नाही. चाळीस वर्षे मुलांना शिकवण्यात गेली, तेव्हा असे उत्तर देणाऱ्या मुलाला मी बाकावर उभे केले असते. पण संगणकाला बाकावर उभे करता येत नाही. तो आधीच टेबलावर असतो.

हे प्रकरण सुरू कसे झाले ते आधी सांगितले पाहिजे.

आमचे गाव सणसवाडी. पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की कोरेगाव भीमा मागे पडते आणि शिक्रापूर यायच्या आत आमचे गाव येते. नगरचे अहिल्यानगर झाले, तरी रस्ता अजून लोकांच्या तोंडी नगर रस्ताच आहे. आज या रस्त्याने जाणाऱ्याला दिसतात ते कारखाने, मालमोटारींच्या रांगा आणि कामगारांनी भरलेल्या खोल्यांच्या चाळी. माझ्या लहानपणी येथे बाजरीची शेते होती, आणि पहाटे घराघरांतून जात्याची घरघर ऐकू येई. आईची ओवी ऐकत मी जागा होई. पुढे पिठाची गिरणी आली. बायकांचे हात सुटले ही चांगलीच गोष्ट झाली. पण जाते थांबले आणि त्याबरोबर ओवीही थांबली. जात्यावाचून ओवी म्हणायची म्हणजे झोपाळ्यावाचून झोका घ्यायचा.

आईला लिहितावाचता येत नाही. तिच्या ओव्या लिहून घेतल्या त्या आमच्या अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने. ती दौंड तालुक्यात, केडगावला दिली आहे. माहेरपणाला आली की दुपारच्या वेळी आईला बोलती करायची आणि वहीत उतरवून घ्यायचे, असे तिने कित्येक वर्षे केले. पुण्यात गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी कार्यकर्ते जोडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, हे तिला पुष्कळ उशिरा समजले. तेव्हा ती म्हणाली, "लाखभर आहेत ना त्यांच्याकडे? पण आईच्या माझ्याकडेच आहेत." तिच्या तीन वह्या भरल्या होत्या.

गेल्या वर्षी गौरीच्या सणाला अक्का आली आणि तिने आईला नेहमीप्रमाणे ओवी म्हणायला लावली. आईने एका ओवीची पहिली ओळ म्हटली आणि तिला दुसरीच एक ओळ जोडली. मग स्वतःच थांबली आणि भिंतीकडे बघत राहिली. नव्वदीच्या माणसाचे असे व्हायचेच, असे आम्ही एकमेकांना सांगितले. पण रात्री अंगणात बसलो असताना अक्का म्हणाली, "या भाऊबीजेला मला साडी नको. आईच्या ओव्यांचं पुस्तक कर. पन्नासच प्रती. तिच्या हातात पडलं पाहिजे. नंतर करून कुणाला द्यायचं?"

अक्काला छापील पुस्तकाचे मोठे अप्रूप. त्याला केडगावचे पाणी कारणीभूत असावे. तिच्या सासरच्या गावी पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. त्या १९२२ साली वारल्या, आणि ते भाषांतर १९२४ साली तेथल्याच छापखान्यात छापून पुरे झाले. त्या छापखान्यात आश्रमातल्या बायका-मुली काम करीत. आजूबाजूच्या घरांत बाईच्या हाती पाटी-पेन्सिल यायची होती, त्या काळात केडगावच्या माळावर बायका खिळे जुळवीत होत्या! ही गोष्ट अक्का मला दर भेटीत ऐकवते. त्यामुळे "मला जमेल का?" असे विचारायची सोय मला उरलेली नव्हती.

तसा मी छपाईला अगदीच परका नाही. शिक्षकाचे प्रशिक्षण घेत असताना मी पुण्यात एका लहानशा छापखान्यात मुद्रिते तपाशीत असे. तेव्हा शिशाचे खिळे होते. जुळारी स्टिक हातात धरून उभा असे. डोळे हस्तलिखितावर, आणि उजवा हात केसमधल्या खणांतून फिरत असे. अनुस्वार कुठे, अर्धा स कुठे, वेलांटी कुठे हे त्याला बघावे लागत नसे. देवनागरीला इंग्रजीच्या कितीतरी पट खण लागत. छपाई झाली की सगळे खिळे धुऊन पुन्हा आपापल्या खणांत टाकायचे. ते काम उमेदवार पोरांकडे असे, आणि एखाद्याने 'घ'च्या खणात 'ध' टाकला की दुसऱ्या दिवशी घराचे धर होई. माझे काम वाढे ते त्यामुळे. त्या छापखान्याच्या फोरमनपाशी एक तेलकट वही होती. मथळा किती पॉइंटचा, कवितेची ओळ किती आत घ्यायची, नवे प्रकरण पानाच्या कितव्या भागापासून सुरू करायचे, सारे तिच्यात लिहिलेले. लेखक कुणीही असो, मजकूर कसलाही असो, पुस्तकाचे रूप त्या वहीतून येत असे.

अक्काच्या वह्या मी संगणकावर उतरवायला घेतल्या. नेहमीच्या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली वही झाली, आणि माझ्या ध्यानात आले की एका पानावर एक शब्द वाढवला की पुढच्या चाळीस पानांचा संसार विस्कटतो. मी भाच्याला फोन केला. अक्काचा हा मुलगा बंगळूरला गणितात संशोधन करतो. तो म्हणाला, "मामा, तुम्ही नुसता मजकूर लिहा. रूपाचं मी बघतो. आपण लाटेक वापरू."

लाटेक म्हणजे काय हे त्याने मला फोनवरच समजावले. डोनाल्ड क्नूथ नावाचे अमेरिकेतील एक मोठे संगणकशास्त्रज्ञ. १९७७ साली त्यांच्या एका ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्यापुढे आली. शिशाचे खिळे जाऊन प्रकाशाने अक्षरे जुळवण्याची नवी पद्धत नुकतीच आली होती, आणि त्या मुद्रितांतले गणित त्यांना बघवेना. दुसरा एखादा लेखक प्रकाशकाला रागाचे पत्र लिहून स्वस्थ बसला असता. क्नूथ अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअरच लिहायला बसले. वर्षभरात संपेल असे वाटलेल्या त्या कामाने त्यांची दहाएक वर्षे खाल्ली. त्याचे नाव टेक. कला आणि कसब या दोहोंना ग्रीक भाषेत जो एक शब्द आहे त्यावरून घेतलेले. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर सामान्य लेखकाला पेलेल असा साज चढवला, तो लाटेक. इंग्रजीसाठी जन्मलेले हे साधन देवनागरी लिहू लागले तेही टप्प्याटप्प्याने. १९९१ साली हॉलंडमधल्या फ्रान्स वेल्टहाउस यांनी रोमन अक्षरांत लिहून देवनागरी छापण्याची सोय केली, आणि २००४ साली जोनाथन क्यू यांचे झीटेक आल्यावर आपण जसे लिहितो तशीच मराठी त्यात सरळ लिहिता येऊ लागली. क्नूथ यांनी आपले काम जगाला फुकट देऊन टाकले आहे. हे ऐकून माझा त्या गृहस्थांविषयीचा आदर आणखी वाढला, हे कबूल केले पाहिजे.

लाटेकमध्ये मजकुराच्या पहिल्याच ओळीत एक गोष्ट सांगावी लागते: हा मजकूर कुठल्या वर्गातला. पत्र, लेख, पुस्तक असे तयार वर्ग असतात. १९९४ सालच्या आवृत्तीपासून अशा प्रत्येक वर्गाची एक फाईल असते आणि तिच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन सी, एल, एस ही तीन अक्षरे लिहितात. माझ्या फोरमनची तेलकट वही ती हीच! भाच्याने आजीच्या ओव्यांसाठी स्वतंत्र वर्ग लिहिला आणि त्याला नाव दिले 'ओवी'. सगळे नव्याने लिहिण्याची गरज नसते. नवी सून जशी म्हणते, "आमटी सासूबाईंसारखीच, फक्त गूळ थोडा कमी", तसे त्याच्या फाईलच्या आरंभीच लिहिलेले होते: मूळ पुस्तकाचा वर्ग घ्यावा आणि त्यावर एवढेच बदल करावेत. ओवीचा आकडा मराठी असावा. दुसरी ओळ किंचित आत सरकावी. अक्षरसंचाला भाषा मराठी आहे असे सांगावे. म्हणजे ज्या अक्षरसंचात सोय असेल त्यात ल आणि श हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. ओवीची सबंध रीतभात त्या दोनशे ओळींत होती. भाच्याने ती फाईल मला मेलने पाठवली आणि तो परिषदेसाठी परगावी गेला.

आता वाचकांना पहिल्या रात्रीचा उलगडा होईल. फाईल आली, ती उघडून आत काय आहे ते बघण्याचा मोह मला झाला. मी ती विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडली, सुनेचे पाककृतीचे पुस्तक सासऱ्याने चाळावे तशी चाळली, आणि चांगल्या सवयीप्रमाणे 'सेव्ह ॲज' करून मजकुराच्या फोल्डरमध्ये ठेवून दिली. नोटपॅडने आपल्या रिवाजाप्रमाणे तिच्या नावामागे आणखी एक शेपूट जोडले: टिंब, टी, एक्स, टी. आणि विंडोजची खोड अशी की, नावाचे शेवटचे शेपूट तो आपल्याला दाखवतच नाही! मला दिसत होते 'ओवी डॉट सीएलएस'. खरे नाव होते त्याहून लांब. शेपटे दाखवण्याची खूण शोधून काढायला मला दोन रात्री लागल्या. नाव दुरुस्त केले मात्र, तो म्हणाला, सापडली. पडद्यावर आईची पहिली ओवी पुस्तकाच्या पानासारखी उमटली. मी सगळ्या घराला उठवणार होतो. घड्याळाकडे बघून बेत रहित केला.

पण खरी परीक्षा पुढेच होती. वह्या तीन, म्हणून मी फोल्डर तीन केले होते. वर्गाची फाईल मजकुराच्या शेजारी असली की चालते एवढे मला कळले होते. तेव्हा तिच्या तीन प्रती करून तीन फोल्डरांत ठेवल्या. तिसरी वही माझी नात तिच्या खात्यावर उतरवीत होती, तिच्याकडे चौथी प्रत गेली. आठ दिवसांनी सगळी पाने काढून मी वाचायला बसलो, तेव्हा सतराव्या पानाशी थबकलो.

त्या पानाच्या तळाशी आईची एक ओवी होती. तिच्या पहिल्या ओळीत बहीण माळावर उभी राहून भावाच्या गाडीची धूळ बघते. दुसऱ्या ओळीत ती धूळ दुसऱ्याच कुणाच्या गाडीची निघते. पहिली ओळ सतराव्या पानावर आणि दुसरी पान उलटल्यावर अठराव्यावर! एक बहीण माळावर तशीच उभी राहिली होती. मजकुरात चूक नव्हती, अक्षरात चूक नव्हती. तरी ओवी मोडली होती. आईच्या मुखातून आता ज्या ओळी सुटू लागल्या आहेत, त्या निदान कागदावर तरी जोडीने राहाव्यात एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. आणि तिथेही हेच!

मी भाच्याला कळवले. त्याने दुसऱ्याच दिवशी दुरुस्त फाईल पाठवली. ओवीच्या दोन ओळी एका पानावरच राहतील असा नियम तिच्यात घातला होता. सोबत लिहिले होते, "मामा, चार ठिकाणी चार प्रती ठेवू नका. एक बदलाल, तीन राहतील. सर्वांसाठी एकच जागा असते, तिथे ठेवा." ती जागा म्हणजे टेक लाइव्ह या संचातली 'टेक्सएमएफ-लोकल' नावाची कोठी. तिच्यात 'टेक्स' हे फोल्डर, त्यात 'लाटेक', आणि त्यात आपल्या वर्गाच्या नावाचे एक. माझ्या एकट्यापुरती ठेवायची तर खासगी कोठीही असते. पण नातीचे खाते वेगळे, म्हणून ही सामाईक जागा. संचाबरोबर आलेल्या मूळ भांडारात आपली वस्तू ठेवू नये, कारण नवी आवृत्ती आली की ते भांडारच नवे येते आणि आपले सामान मागे राहते. हे मला पटले. भाड्याच्या घराच्या भिंतीत कुणी कपाट बांधीत नाही.

मी सांगितल्याबरहुकूम फोल्डरात फोल्डर करून फाईल ठेवली. मग नातीच्या खात्यावरून आज्ञा दिली. उत्तर आले, सापडत नाही!

आमच्या वरच्या खोलीत एक तरुण भाडेकरू राहतो. हिंगोली जिल्ह्यातला आहे. येथल्या एका कारखान्यात पाळ्यांनी काम करतो. दुसऱ्या पाळीहून तो परतला तेव्हा आमच्याकडे दिवा दिसला म्हणून डोकावला. त्याला लाटेकची माहिती नव्हती, पण यंत्रांशी रोजचा संबंध असल्यामुळे तो माझ्यासारखा यंत्रावर रागावत नाही. त्याने भाच्याचा निरोप नीट वाचला. "गुरुजी, तुम्ही शेवटची ओळ वाचली नाही," तो म्हणाला. शेवटच्या ओळीत होते: फाईल ठेवल्यावर 'टेक्सहॅश' ही आज्ञा द्यावी.

त्याचे कारण असे. त्या सामाईक कोठीत आणि मूळ भांडारात हजारो फायली. दर वेळी सगळ्या कोठ्या धुंडाळायच्या तर यंत्राचा जन्म त्यातच जाईल. म्हणून प्रत्येक कोठीची एक यादी करून ठेवलेली असते, आणि यंत्र कोठीत डोकावतच नाही. ते यादी वाचते. वस्तू कोठीत असली आणि यादीत नसली, तर त्याच्या लेखी ती नाहीच. 'टेक्सहॅश' म्हणजे यादी नव्याने करण्याची आज्ञा.

हे समजल्यावर तो मुलगा हसला. "माझंही असंच आहे, गुरुजी. सहा वर्षं झाली, राहतो सणसवाडीत आणि यादीत आहे गावाकडं. मतदान आलं की एका दिवसाचा पगार सोडून गाडीत बसायचं. इथल्या लेखी मी नाहीच." तो हे अगदी सहज बोलला. मी मात्र चपापलो. इतकी वर्षे तो माझ्या डोक्यावर राहतो आहे, आणि नाव इकडे आणण्याचा अर्ज करता येतो हे त्याला सांगायचे मला, एका शिक्षकाला, सुचले नव्हते. त्या रात्री आम्ही दोन अर्ज केले. एक आज्ञा संगणकाला दिली. दोन सेकंदांत यादी झाली आणि ओवी सापडली. दुसरा अर्ज त्याच्या नावाचा. त्याला काही महिने लागले, पण आता तोही सापडतो.

एवढे होऊनही सतराव्या पानावरची बहीण तशीच उभी होती. नातीच्या वहीतल्या ओव्या नव्या नियमाने जोडीने बसल्या, माझ्या मात्र मोडलेल्याच राहिल्या. हा शेवटचा पेच. छापणाऱ्याने मला बजावले होते, "वसुबारसेच्या आत फाईल द्या, नाहीतर तुळशीच्या लग्नानंतर." वसुबारस तीन दिवसांवर आली होती. भाच्याने फोनवर एक आज्ञा सांगितली. तिच्याने यंत्राला विचारता येते की, बाबा रे, ही फाईल तू कुठली घेतोस? मी विचारले. त्याने उत्तर दिले: एक टिंब, एक तिरकी रेघ आणि फाईलचे नाव. टिंब म्हणजे 'इथलीच'.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यंत्राचा शोधण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी मजकुराच्या शेजारी, मग खासगी कोठीत, मग सामाईक कोठीत, आणि सरतेशेवटी मूळ भांडारात. जिथे पहिली सापडेल तिथेच शोध संपला. नवी, दुरुस्त फाईल कोठीत जाऊन बसली होती. पण मी आठ दिवसांपूर्वी हौसेने शेजारी ठेवलेली जुनी प्रत तिथेच होती, आणि यंत्र बिचारे प्रत्येक वेळी हाताशी येईल ती उचलीत होते. नातीने आपली जुनी प्रत पुसून टाकली होती. मी पुसली नव्हती. न जाणो, लागली तर असावी म्हणून! घरात चार जुन्या छत्र्या ठेवणाऱ्या माणसाकडून दुसरे काय होणार? मी तिन्ही जुन्या प्रती पुसल्या. पुन्हा आज्ञा दिली. सतराव्या पानाची शेवटची ओळ उठून अठराव्या पानावर आपल्या जोडीदारिणीपाशी जाऊन बसली. सतराव्याच्या तळाशी तेवढी जागा कोरी राहिली. ती कोरी जागा मला फार आवडली.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी फाईल पुण्याला पोचती केली. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी पन्नास प्रतींचा गठ्ठा घरी आला.

भाऊबीजेला अक्का सकाळीच न्हावऱ्याच्या रस्त्याने येऊन पोचली. ओवाळणे झाले, तिने माझ्या कपाळाला कुंकू लावले, आणि मी तबकात पुस्तक ठेवले. तिने ते उचलून आधी हुंगले. मग आईपाशी जाऊन बसली. आईने पुस्तक हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले, ओळींवरून बोट फिरवले. "ह्ये समदं माजं?" एवढेच तिने विचारले.

अक्का वाचून दाखवू लागली. काही ओव्या आई तिच्याबरोबर म्हणू लागे, काही ठिकाणी नुसती मान डोलवी. अठरावे पान आले. अक्काने पहिली ओळ वाचली. बहीण माळावर उभी आहे, दुरून धूळ दिसते आहे. दुसरी ओळ वाचण्याआधी आईनेच ती म्हटली. पण वहीतली नव्हे. आईच्या ओळीत ती धूळ भावाच्याच गाडीची निघाली होती.

अक्का म्हणाली, "आई, तू तसं नव्हतं सांगितलं. तो आला नव्हता ना?"

आई माझ्याकडे आणि अक्काकडे बघत म्हणाली, "तवा आला न्हवता. आता आलाय की."

आई विसरली होती, की तिने जाणून ओवी फिरवली, हे आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही. अक्का काही बोलली नाही. तिने पिशवीतून पेन्सिल काढली आणि छापील ओवीच्या खाली, कोऱ्या जागेत, ही नवी ओळ लिहून ठेवली. पुढच्या छपाईत दोन्ही ओव्या एकाखाली एक येतील. मजकुरात एका ओवीची भर. रूपाची काळजी करायला नको, ती फाईल तिच्या जागी आहे. तिचा पत्ता, फोल्डरांच्या क्रमासकट आणि यादीच्या आज्ञेसकट, मी अक्काच्या तिसऱ्या वहीच्या शेवटच्या पानावर शाईने लिहून ठेवला आहे. उद्या माझ्या नातवंडांनी "सापडत नाही" म्हणायला नको.

संध्याकाळी अक्का निघाली. आईची प्रत मी कपाटात ठेवू लागलो, तशी आईने हाक मारली.

"कुठं ठेवतोयस?"

"कपाटात. वरच्या खणात."

"तितं नगं. हितं ठेव, उशाला."

"तुला रात्री काय करायचं आहे त्याचं?" मी हसत विचारले. "वाचायचं आहे का?"

"वाचता कुठं येतंय मला?" आई म्हणाली. "पन हात घातल्यावर घावलं पायजे."